‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’ मग दुसऱ्याकडे का अडतं? लायब्ररीची पॅकेजेस, इम्पोर्ट आणि टेस्टचा हिशेब

समजा, बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्या इंजिनीअरिंगच्या एका मुलीने पायथॉनमध्ये छोटी लायब्ररी लिहिली. काम एकच : आकड्यात रक्कम द्या, ती अक्षरात लिहून देते, मराठीत आणि कन्नडमध्येही. नाव ठेवलं ‘अक्षरी’. चाळीस टेस्ट लिहिल्या, चाळीसही हिरव्या. लायब्ररी पायपीआयवर, म्हणजे पायथॉनच्या सार्वजनिक भांडारात, चढवली. दोन दिवसांनी वडोदऱ्याहून निरोप आला. तिथल्या एका हिशेबनीसाच्या ऑफिसात चेक छापायच्या प्रोग्रॅममध्ये ती बसवली होती, पण पहिल्याच रकमेला प्रोग्रॅम आडवा झाला. तक्त्याची फाइलच सापडत नाही म्हणे.

मुलीने आपल्या लॅपटॉपवर टेस्ट पुन्हा चालवल्या. पुन्हा चाळीसपैकी चाळीस पास.

हा प्रसंग कल्पनेतला आहे, पण तो घडतो रोज. पुण्यात, हैदराबादेत, इंदूरमध्ये आयटीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. कोड बरोबर असतो, टेस्टही बरोबर असतात. चूक असते ती टेस्टनी नेमकी कोणती लायब्ररी तपासली यात. मुलीच्या टेस्टनी तिच्या फोल्डरमधला कोड तपासला. वडोदऱ्याला पोचलं होतं ते पार्सल कुणी तपासलंच नव्हतं.

तक्ता लागतोच कशाला?

इथे जरा भाषेकडे वळावं लागेल. कन्नडमध्ये इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक आणि इप्पत्तोंदु म्हणजे एकवीस. आधी दहाई, मग एकक. थोडे जोडाचे नियम सांभाळले की प्रोग्रॅमला शब्द तयार करता येतात. मराठीत तसं नाही. एकवीस, बावीस, तेवीस इथपर्यंत ठीक, पण एकोणसाठ, त्रेसष्ट, एकोणऐंशी आणि मग नव्व्याण्णव! एकोणनव्वद चालतं, एकोणशंभर चालत नाही. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा वाद झाला, तो वाचकांना आठवत असेल. प्रोग्रॅमला त्या वादाशी घेणंदेणं नाही. त्याला एक ते नव्व्याण्णव सगळे शब्द एका फाइलीत लिहून द्यावे लागतात. हाच तो तक्ता.

आणि अक्षरी रकमेत चूक म्हणजे किरकोळ गोष्ट नव्हे. चलनक्षम दस्तऐवज कायदा, १८८१ याच्या कलम १८ प्रमाणे आकड्यातली आणि अक्षरातली रक्कम वेगळी असेल तर अक्षरातली रक्कम खरी धरायची. व्यवहारात बँक असा चेक बहुधा परतच करते, ती गोष्ट वेगळी. पण म्हणूनच अशा लायब्ररीच्या टेस्टवर भरवसा ठेवता आला पाहिजे.

इम्पोर्ट म्हणजे रांगेतली चौकशी

पायथॉनमध्ये ‘इम्पोर्ट अक्षरी’ असं लिहिलं की काय होतं? पायथॉनकडे फोल्डरांची एक यादी असते, तिला ‘सिस डॉट पाथ’ म्हणतात. त्या यादीतल्या पहिल्या फोल्डरात ‘अक्षरी’ आहे का बघायचं, नसेल तर दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. जिथे पहिल्यांदा सापडेल तिथेच शोध थांबतो. पुढच्या फोल्डरात याच नावाची दुसरी, चांगली लायब्ररी असली तरी तिकडे कुणी बघत नाही.

यादीत पहिला नंबर कुणाचा, यावर सगळा खेळ आहे. एखादी फाइल थेट चालवली तर ती फाइल ज्या फोल्डरात आहे तो पहिला. ‘पायथॉन वजा एम’ अशी आज्ञा दिली तर आपण टर्मिनलवर ज्या फोल्डरात उभे आहोत तो पहिला. ‘पिप इन्स्टॉल’ने आलेल्या लायब्रऱ्या ‘साइट-पॅकेजेस’ नावाच्या फोल्डरात पडतात आणि त्याचा नंबर बराच खाली.

नव्या विद्यार्थ्यांना याचा पहिला फटका भलत्याच ठिकाणी बसतो. सरावाच्या फाइलीला ‘रँडम’ असं नाव देतात आणि तिच्यातच ‘इम्पोर्ट रँडम’ लिहितात. पायथॉनच्या घरचं रँडम मॉड्यूल मागेच राहतं, फाइल स्वतःलाच इम्पोर्ट करते आणि न कळणारी एरर येते. ही तक्रार इतकी जुनी की २०२४ मध्ये आलेल्या पायथॉन ३.१३ मध्ये अशा वेळी ‘फाइलीचं नाव बदलून बघा’ असा सल्ला एररमध्येच दिला जातो.

आता ‘अक्षरी’कडे. मुलीने प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरात दोन फोल्डर शेजारी ठेवले होते, एक ‘अक्षरी’ आणि दुसरा ‘टेस्ट्स’. या मांडणीला सपाट मांडणी म्हणतात. मुख्य फोल्डरात उभं राहून ‘पायथॉन वजा एम पायटेस्ट’ चालवलं की यादीत पहिला नंबर त्या मुख्य फोल्डराचाच लागतो. समोरच ‘अक्षरी’ दिसतं, तेच उचललं जातं. लायब्ररी पिपने रीतसर बसवलेली असली तरीही! बसवलेली प्रत रांगेत मागे उभी राहते, तिच्यापर्यंत पाळीच येत नाही. ‘मी आधी इन्स्टॉल करून मगच टेस्ट चालवते’ असं म्हणणाऱ्यांची इथेच फसगत होते.

नुसतं ‘पायटेस्ट’ आणि ‘पायथॉन वजा एम पायटेस्ट’

या दोन आज्ञा एकच आहेत असं पुष्कळांना वाटतं. नाहीत. दुसरी आज्ञा आपण उभे असलेला फोल्डर यादीत घालते, पहिली घालत नाही. पण पहिलीची स्वतःची एक खोड आहे. पायटेस्टला टेस्टची फाइल सापडली की ते तिच्यापासून वरवर जातं आणि ज्या फोल्डरात ‘डंडर इनिट’ फाइल नाही असा पहिला फोल्डर यादीच्या डोक्यावर ठेवतं. (डंडर म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर. ही फाइल असली की तो फोल्डर पॅकेज समजला जातो.)

याचा परिणाम मोठा गमतीचा होतो. ‘टेस्ट्स’ फोल्डरात रिकामी इनिट फाइल असेल तर पायटेस्ट एक पायरी वर जातं, मुख्य फोल्डर यादीत येतो आणि समोरचा कोड उचलला जातो. तीच रिकामी फाइल काढून टाकली की ‘टेस्ट्स’ फोल्डरच यादीत येतो, मुख्य फोल्डर येत नाही आणि लायब्ररी बसवलेली नसेल तर ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’. एक अक्षरही नसलेल्या फाइलीवर टेस्टचं भवितव्य! मग कुणीतरी सांगतं, इनिट फाइल टाक, होईल काम. काम होतं, पण का झालं ते कुणालाच कळत नाही.

बरं, इनिट नाहीच टाकली तर दुसरी पंचाईत. ‘टेस्ट्स’मध्ये मराठी आणि कन्नड असे दोन उपफोल्डर आहेत आणि दोन्हींत ‘टेस्ट अंक’ नावाची फाइल आहे असं धरा. इनिट नसताना पायटेस्टच्या लेखी दोन्ही मॉड्यूलांचं नाव एकच, म्हणून ते दुसऱ्या फाइलीला अडतं. २०२० च्या पायटेस्ट ६.० पासून ‘इम्पोर्टलिब’ नावाची वेगळी पद्धत मिळते. ती निवडली तर पायटेस्ट यादीला हातच लावत नाही आणि एकसारखी नावंही चालतात. नवीन प्रकल्पात तीच निवडावी हे बरं.

पार्सलात काय राहून जातं

कॉमर्स शिकलेल्यांना तेरीज माहीत आहे. नावे आणि जमा जुळले की जीव भांड्यात पडतो. पण एखादा व्यवहार वहीत लिहायचाच राहिला असेल तर? दोन्ही बाजूंना तो नाही, म्हणून तेरीज तरीही जुळते. लायब्ररीच्या पार्सलाचं तंतोतंत असंच आहे. जे आत घालायचं राहिलं ते घरच्या टेस्टला कळत नाही, कारण घरी ते समोरच पडलेलं असतं.

पायथॉनमध्ये लायब्ररीचं पार्सल ‘व्हील’ नावाच्या फाइलीत बांधतात. बांधणारं जुनं आणि सर्वात रुळलेलं साधन सेटअपटूल्स. ते पायथॉनच्या कोडच्या फाइली घेतं, पण सीएसव्ही, टेक्स्ट असल्या बाकीच्या फाइली घे असं त्याला वेगळं सांगावं लागतं. मुलीचा तक्ता सीएसव्हीत होता. सांगितलं नाही, गेला नाही. वडोदऱ्याची तक्रार एवढ्यावरच उकलते.

पण एवढंच नाही. ‘अक्षरी’च्या पोटात ‘मराठी’ आणि ‘कन्नड’ ही उपपॅकेजेस आहेत, आणि कन्नडच्या फोल्डरात इनिट फाइल टाकायची राहिली असं धरू. घरी काही बिघडत नाही, कारण पायथॉन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, इनिट नसलेला फोल्डरही इम्पोर्ट होतो. पार्सल बांधताना मात्र ‘फाइंड पॅकेजेस’ हे नेहमीचं फंक्शन इनिट नसलेला फोल्डर वगळतं. म्हणजे बेळगावात दोन्ही भाषा चालतात आणि बाहेर गेल्यावर कन्नड गायब! सीमाभागात यावरून वेगळाच गैरसमज व्हायचा. दोष मात्र एका रिकाम्या फाइलीचा.

उलटा प्रकारही होतो, नको ते पार्सलात जातं. ‘टेस्ट्स’ फोल्डरात इनिट असेल आणि वगळायला सांगितलं नसेल तर फाइंड पॅकेजेस त्यालाही पॅकेज समजून उचलतं. मग वापरणाऱ्याच्या साइट-पॅकेजेसमध्ये ‘टेस्ट्स’ नावाचं एक पॅकेज जाऊन बसतं. दुसऱ्या कुणी हाच घोळ घातला असेल तर दोघांच्या टेस्ट एकमेकांवर चढतात.

कोड एक पायरी आत

यावरचा प्रचलित उपाय अगदी साधा आहे. मुख्य फोल्डरात ‘एसआरसी’ नावाचा फोल्डर करायचा आणि ‘अक्षरी’ त्याच्या आत ठेवायचं. ‘टेस्ट्स’ बाहेरच. आता मुख्य फोल्डर यादीत पहिला आला तरी त्यात ‘अक्षरी’ दिसत नाही. पायथॉनला पुढे जावंच लागतं, थेट साइट-पॅकेजेसपर्यंत. लायब्ररी बसवल्याशिवाय टेस्ट चालणारच नाहीत. फ्लास्क आणि अ‍ॅट्रस यांसारख्या प्रसिद्ध लायब्रऱ्यांची मांडणी आज अशीच आहे.

पुष्कळ लेख आणि व्हिडिओ इथेच थांबतात आणि तिथेच लोक पुन्हा फसतात. काम चालू असताना दर बदलाला लायब्ररी नव्याने बसवायचा कंटाळा येतो, म्हणून सगळे ‘पिप इन्स्टॉल वजा ई’ वापरतात. यात कोडची प्रत बसत नाही. साइट-पॅकेजेसमध्ये फक्त एक खूण ठेवली जाते : ‘खरा माल तिकडे, एसआरसीत आहे.’ सोय मोठी, पण तक्त्याची फाइल एसआरसीत आहेच की! म्हणजे टेस्ट पुन्हा घरचाच माल तपासतात आणि पार्सलातली उणीव पुन्हा झाकली जाते. एसआरसी मांडणी केली आणि टेस्ट कायम वजा ई वर चालवल्या, तर वडोदऱ्याचा फोन याही वेळी येणार.

तेव्हा रोजच्या कामाला वजा ई खुशाल वापरावं. पण प्रकाशित करण्याआधी एकदा तरी खरं पार्सल बांधून, कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये ते बसवून त्याच्यावर टेस्ट चालवाव्यात. हे हाताने करायचं नसेल तर ‘टॉक्स’ नावाचं साधन आहे. ते नवं वातावरण तयार करतं, पार्सल बांधतं, बसवतं आणि मग टेस्ट चालवतं. पायथॉनच्या तीन-चार आवृत्त्यांवर एका दमात चालवायचं असेल तर तेही करतं. वेळ थोडा जास्त लागतो, इतकंच.

टेस्ट कुठे ठेवायच्या यावर मात्र एकमत नाही. नमपायसारख्या मोठ्या लायब्ररीत टेस्ट पॅकेजच्या पोटातच असतात. वापरणारा आपल्या मशीनवरही त्या चालवून बघू शकतो. आकडेमोडीच्या लायब्ररीला ते शोभतं, कारण प्रोसेसर बदलला की उत्तर तपासावंसं वाटतं. चेकवर रक्कम छापणाऱ्याला चाळीस टेस्ट सोबत पाठवून काय उपयोग? जावाच्या मेव्हन पद्धतीत हा प्रश्न जवळपास उरत नाही. ‘एसआरसी’च्या आत ‘मेन’ आणि ‘टेस्ट’ अशी दोन झाडं शेजारी, दोन्हींत पॅकेजचं नाव तेच, त्यामुळे पॅकेजपुरत्या खुल्या असलेल्या गोष्टी टेस्टला दिसतात आणि टेस्ट पार्सलात जात नाहीत. गो भाषेत टेस्टची फाइल कोडच्या शेजारीच असते. बाहेरच्या माणसाच्या नजरेने तपासायचं असेल तर पॅकेजच्या नावापुढे ‘अंडरस्कोर टेस्ट’ जोडायचं.

टेस्टने कोणत्या दारातून यावं?

बाहेरच्या माणसाची नजर हा मुद्दा पायथॉनलाही लागू आहे. वडोदऱ्याचा माणूस ‘फ्रॉम अक्षरी इम्पोर्ट रक्कम’ असं लिहिणार. मग टेस्टनेही तसंच लिहावं. ‘अक्षरी’च्या इनिट फाइलीत बाहेर द्यायची दोन-चार नावं मांडून ठेवायची आणि आतला कोड कसाही हलवायची मुभा आपल्याकडे ठेवायची. टेस्टनी थेट आतल्या फाइलींतून इम्पोर्ट केलं तर उद्या एक फाइल दोन केल्या की निम्म्या टेस्ट लाल होतात, लायब्ररी ठणठणीत असूनही. शिवाय इनिटमध्ये नाव द्यायचंच राहिलं तर तेही कळत नाही.

‘फ्रॉम’ने इम्पोर्ट करताना आणखी एक गोष्ट टेस्टमध्ये छळते. समजा, ‘दिनांक’ मॉड्यूलमध्ये ‘आज’ हे फंक्शन आहे आणि ‘चेक’ मॉड्यूलने ‘फ्रॉम दिनांक इम्पोर्ट आज’ केलंय. टेस्टसाठी तारीख ३१ मार्च धरायची आहे, म्हणून ‘दिनांक’मधलं ‘आज’ बदललं. चेकवर तरीही खरीच तारीख येते. कारण ‘चेक’ने ते नाव आपल्याकडे आधीच उतरवून घेतलं होतं आणि ते जुन्याच फंक्शनकडे बोट दाखवतंय. बदल करायचा तो जिथे नाव वापरलं जातं तिथे, म्हणजे ‘चेक’मध्ये. मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात.

तक्त्याची फाइल उघडण्याची पद्धतही बघायला हवी. मुलीने ‘अक्षरी/तक्ते/मराठी’ असा सरळ पत्ता लिहिला होता. असा पत्ता आपण ज्या फोल्डरात उभे आहोत तिथून मोजला जातो. मुख्य फोल्डरातून टेस्ट चालवल्या की बरोबर, डेस्कटॉपवरून चालवल्या की चूक. म्हणजे सीएसव्ही पार्सलात गेली असती तरी वडोदऱ्याला ती सापडली नसती! पायथॉनच्या घरच्या ‘इम्पोर्टलिब डॉट रिसोर्सेस’मध्ये ‘फाइल्स’ नावाचं फंक्शन आवृत्ती ३.९ पासून आहे. त्याला पॅकेजचं नाव द्यायचं, ते पॅकेज कुठेही बसलेलं असो, आतली फाइल काढून देतं.

आणि तक्ता वाचायचा तो पहिल्यांदा लागेल तेव्हा, इम्पोर्ट होताक्षणी नव्हे. इम्पोर्टच्या वेळीच फाइल वाचली आणि ती नसली, तर चाळीस टेस्टपैकी एकही सुरू होत नाही आणि चूक नक्की कुठली ते शोधत बसावं लागतं. देवनागरी अंकांची टेस्टसुद्धा त्यात अडकते. ती खरं तर तक्त्याविना चालायला हवी, कारण पायथॉनचं ‘इंट’ फंक्शन ‘१२३४’ हे देवनागरी अंक जसेच्या तसे समजतं, कन्नड अंकही.

चुकलं तर परत घेता येतं?

पूर्णपणे नाही. पायपीआयवर एकदा चढवलेल्या फाइलीचं नाव पुन्हा वापरता येत नाही, ती पुसली तरीही. १.०.० सदोष गेली तर तिची जागा दुसरी १.०.० घेऊ शकत नाही, १.०.१ काढावी लागते. सदोष आवृत्तीवर ‘यँक’ची खूण करता येते, मग पिप ती आपणहून निवडत नाही. पण कुणी नेमका तोच आकडा लिहून ठेवला असेल तर त्याला ती मिळतच राहते. म्हणूनच टेस्टपायपीआय नावाचं सरावाचं वेगळं भांडार आहे, आधी तिथे चढवून बघता येतं.

‘अक्षरी’च्या मुलीला करावं लागेल ते काम एका संध्याकाळचं आहे. कोड एसआरसीत हलवायचा, कन्नडच्या फोल्डरात इनिट टाकायची, ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉमल’मध्ये तक्त्याच्या फाइली घ्यायला सांगायचं, सरळ पत्ता काढून ‘फाइल्स’ वापरायचं. मग व्हील बांधायचं. व्हील म्हणजे शेवटी एक झिप फाइल. ती उघडून आत दोन्ही सीएसव्ही दिसतात का आणि ‘टेस्ट्स’ फोल्डर दिसत नाही ना, ते डोळ्यांनी बघता येतं. त्यानंतर कोरं वातावरण, त्यात हे व्हील, आणि भलत्याच फोल्डरात जाऊन एक ओळ : एक लाख पंचवीस हजार एकोणऐंशी रुपये अक्षरी छापून येतात का? आले, की १.०.१ चढवायची आणि वडोदऱ्याला कळवायचं.